हातात एक ऑफर, लक्ष दुसऱ्या फोनकडे

परवा दुकान बंद करायच्या वेळेला आपल्या बॅचमधला एक मुलगा आला. त्याला पुढे एसी-फ्रीज दुरुस्तीचं दुकान टाकायचंय. त्याआधी वर्ष-दोन वर्षं नोकरी करून काम शिकायचं आणि थोडं भांडवल जमवायचं, असा प्लॅन. सुपा एमआयडीसीतल्या एका कंपनीची स्टोअरमधली ऑफर हातात, सोमवारपर्यंत उत्तर हवंय. पण मन पुण्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये. तिथे इंटरव्ह्यू झालाय, निरोप नाही.

"दादा, इथे हो म्हणून टाकू का? तिकडचं आलं तर सोडून देईन."

मी चहा सांगितला आणि त्याला माझीच गोष्ट सांगितली. बीबीए झाल्यावर मी एका ठिकाणी "येतो" म्हणालो आणि जॉइनिंगच्या दिवशी सकाळी फोन करून नाही सांगितलं. काही वर्षांनी दुकान टाकलं, उधारीवर माल मागायला गेलो, तर समोर तेच साहेब बसलेले! माल दिला, पण रोखीने. वर्षभर एक रुपयाची उधारी नाही. चूक माझीच होती. आपला बाजार केवढा? आज सावेडीत भेटलेला माणूस उद्या कापड बाजारात भेटतो.

तर आधी फोन करायचा तो पुण्याला. खरं तेच सांगायचं: "सर, मला दुसरी ऑफर आलीय, सोमवारी उत्तर द्यायचंय. माझी पहिली पसंती तुमच्याकडे आहे. शनिवारपर्यंत काही कळू शकेल का?" बऱ्याच जणांना वाटतं, असं विचारलं तर साहेब चिडतील. मी स्वतः दुकानात माणसं ठेवतो, मला असा फोन आला तर बरं वाटतं. मात्र नसलेली ऑफर आहे म्हणून सांगू नका. समोरच्याने "मग घ्या ती" म्हटलं की विषय संपला.

सुप्याला लगेच हो नाही, नाहीही नाही. ऑफर लेटर लेखी मागा. वाचायला दोन-तीन दिवस जास्त हवे असतील तर तारीख सांगून मागा. "बघतो, कळवतो" हे उत्तर नाही.

आणि लेटर खरंच वाचा. त्याच्या लेटरवर समजा 18,000 पगार आहे आणि त्यात बेसिक 12,000. पीएफ 12 टक्के म्हणजे 1,440, ईएसआय 0.75 टक्के म्हणजे 135, व्यावसायिक कर 200. हातात राहिले 16,225. त्यातून नगर-सुपा जाणं-येणं वजा करा. पुण्याचा आकडा मोठा दिसला तरी खोलीभाडं आणि मेस वजा करूनच तुलना करा. भांडवल त्या उरलेल्या पैशातूनच जमणार आहे.

नोटीस पिरियड किती, बॉण्ड आहे का, हेही बघा. "बॉण्ड नुसता कागदावर असतो" असं पोरं बिनधास्त सांगतात. विजया बँकेतल्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत, 2009 मध्ये, दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला. अटीप्रमाणे 2 लाख रुपये भरावे लागले. तो कोर्टात गेला, हायकोर्टात जिंकलाही, पण मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट वैध ठरवली. प्रत्येक बॉण्ड असा टिकेलच असं नाही, पण सही करताना टिकेल असं धरूनच करा. मूळ मार्कशीट मात्र कुणाकडे ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या.

तुमच्या कामाचं अजून एक कलम. "नोकरी सोडल्यावर हाच धंदा करायचा नाही" असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 प्रमाणे नोकरी संपल्यानंतरचं असं बंधन साधारणपणे चालत नाही. पण कंपनीची गिऱ्हाईक यादी खिशात घालून बाहेर पडणं वेगळं. ते करू नका.

सोमवार उजाडला आणि पुण्याचं उत्तर नाही, तर? पोराने हाच प्रश्न केला. मी विचारलं, "पुणं नाहीच आलं, तर सुप्यात वर्षभर मनापासून काम करशील?" तो थांबला. म्हणाला, "स्टोअरमध्ये स्पेअर पार्टचे भाव तरी कळतील." मग हो म्हण म्हटलं, आणि पुण्याला त्याच दिवशी कळव, की मी दुसरीकडे रुजू होतोय, पुढे जागा निघाली तर आठवण ठेवा. तो नाही म्हणाला असता, तर सुप्याला सोमवारीच नम्रपणे नकार दे, असं सांगणार होतो. त्यांची जागा दुसऱ्या कुणाला तरी हवी असते.

चहा संपेपर्यंत त्याने पुण्याला करायच्या फोनची चार वाक्यं माझ्या बिलबुकाच्या मागे लिहून घेतली. फोन उद्या सकाळी अकरानंतर करणार आहे, सर्व्हिस सेंटरवाले त्याआधी गडबडीत असतात.