बागांचे पाणी

करमाळा तालुक्यातील कंदर हे गाव उजनी जलाशयाच्या काठी वसले आहे. गावाबाहेर पडावे तो रस्त्याच्या दोन्ही अंगांस केळीच्या बागा सुरू होतात. वैशाखातल्या ऐन दुपारीही त्या बागेत पाऊल टाकताच अंगाला गारवा जाणवतो. रुंद पानांनी आभाळ झाकलेले असते, पायाखालची माती ओलसर असते आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी नळीतून थेंब थेंब पाणी ठिबकत असते. येथील केळी आज समुद्र ओलांडून आखाती देशांपर्यंत जातात. तालुका मात्र मुळात अवर्षणाचा. ज्वारीवर गुजराण करणारा, पावसाच्या एका नक्षत्राने दगा दिला की गुरांना घेऊन वाट धरणारा. १९८० साली भीमा नदीवरील उजनीचे धरण पूर्ण झाले आणि या मुलखाचा रंग पालटला.

शेतकरी आपल्या जमिनीचे दोनच प्रकार मानतो : जिराईत आणि बागाईत. पावसावर अवलंबून असते ते जिराईत. विहिरीचे, पाटाचे वा नदीचे पाणी मिळते ते बागाईत. या दुसऱ्या शब्दात जो ‘बाग’ शब्द आहे, तो मूळचा फारसी. इराणच्या रखरखीत पठारावर हा शब्द आणि ही वस्तू दोन्ही वाढली. अडीच हजार वर्षांपूर्वी सायरस राजाने पासार्गादी येथे आपल्या राजवाड्याभोवती बाग केली होती. तिच्यातील झाडे केव्हाच नाहीशी झाली. परंतु पाणी वाहून नेणारे दगडी पाट उत्खननात सापडले आणि त्या पाटांवरूनच बागेची आखणी कळली. प्राचीन इराणी भाषेत कुंपण घातलेल्या जागेला जो शब्द होता, त्यापासूनच ग्रीक आणि पुढे इंग्रजी भाषेतील स्वर्गवाचक शब्द निघाला. वाळवंटातल्या माणसाने स्वर्गाची कल्पना करताना पाण्याची आणि सावलीची कल्पना केली, यात नवल ते काय !

इराणी बागेची एक ठरावीक मांडणी आहे. चौरस वा लांबट जागेला उंच भिंत घालावयाची, मधून एकमेकांना छेदणारे दोन पाट न्यावयाचे, आणि त्यांनी पडलेल्या चार भागांत फळझाडे व फुलझाडे लावावयाची. हीच ‘चारबाग’. मोगल बादशहांनी ती हिंदुस्थानात रुजविली. महाराष्ट्रात तिचा उत्तम नमुना पाहावयाचा असेल, तर छत्रपती संभाजीनगर येथील बीबी का मकबरा पाहावा. औरंगजेबाची राणी दिलरास बानू बेगम १६५७ साली मरण पावली. तिच्या कबरीवर ही वास्तू उभी राहिली. लोक तिची तुलना ताजमहालाशी करतात आणि तिला उणे ठरवून पुढे जातात. ती तुलना बाजूला ठेवून महाद्वारापासून घुमटापर्यंत जाणारा लांब हौद व त्यातील कारंज्यांची रांग पाहिली, म्हणजे या वास्तूचे खरे सौंदर्य कळते. महाद्वाराच्या दारावर एक लेख आहे. त्यात बादशहाची स्तुती नाही. तेथे अताउल्ला या स्थापत्यकाराचे व हंसपतराय या कारागिराचे नाव कोरलेले आहे. बागांच्या इतिहासात असे क्वचितच घडते. बाग राजाच्या नावाने ओळखली जाते. ती आखणारे, पाट खणणारे व झाडे जगविणारे हात बहुधा विस्मृतीत जातात.

करमाळ्याच्या एका अंगास भीमा आहे, तर दुसऱ्या अंगास सीना. या दोन्ही नद्या पुढे सोलापूरच्या दक्षिणेस हत्तरसंग-कुडल येथे एकमेकींस मिळतात. मराठीतील अत्यंत जुना, शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख जेथे सापडला, तेच हे कुडल. या दोन नद्यांच्या वरच्या अंगास दोन राजधान्या होऊन गेल्या. सीनेच्या काठी निजामशाहीचे अहमदनगर, आजचे अहिल्यानगर, आणि भीमेस मिळणाऱ्या मुठेच्या काठी पेशव्यांचे पुणे. दोन्ही ठिकाणी मोठ्या हौसेने बागा झाल्या.

अहमदनगरात ‘हश्त बिहिश्त’ म्हणजे ‘आठ स्वर्ग’ या नावाची एक बाग होती. तिच्याहून प्रसिद्ध ती फराहबाग. शहराच्या आग्नेयेस तिचा महाल आजही उभा आहे. भोवती मोठा चौरस हौद, त्याच्या ऐन मध्यावर अष्टकोनी दुमजली महाल आणि महालात उंच छताचे दालन. चोहोंकडून येणारा वारा पाण्यावरून वाहत आत येई व दालन गार करी. बाहेर उन्हाने दगड तापले तरी आतील माणसाला त्याची वार्ता नसे. मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत, १५८३ साली हा महाल पूर्ण झाला. पहिले बांधकाम पसंत न पडल्यामुळे ते पाडून पुन्हा बांधण्यात आले, असे सांगतात. ते पुरे करणारा कारभारी सलाबतखान पुढे शहराजवळच्या शहाडोंगरावर चिरविश्रांती घेऊ लागला. त्याची ती उंच अष्टकोनी कबर लोकांनी ‘चांदबीबीचा महाल’ करून टाकली आहे. जेथे राजाच्या कारभाऱ्याला स्वतःच्या कबरीवर आपले नाव टिकविता आले नाही, तेथे माळ्यांची व गवंड्यांची नावे कोठून टिकणार !

एवढे पाणी त्या हौदात आले कोठून? नगर शहर पर्जन्यछायेत आहे आणि सीना तर उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी. निजामशाहीतील जाणत्या लोकांनी शहराभोवतालच्या टेकड्यांच्या पायथ्याशी जिवंत झऱ्यांवर विहिरी बांधल्या. कापूरवाडी, शहापूर, वडगाव अशा गावांहून भाजलेल्या मातीचे नळ जमिनीखालून शहराकडे आणले. त्यांना ‘खापरी नळ’ म्हणतात. जमिनीचा उतार असा नेमका साधलेला असे की कोणतेही यंत्र न लावता पाणी आपल्या वजनाने चालत येई. या नळांचे पाणी महालांना व बागांना जाई, तसे वस्तीतील हौदांनाही जाई. महाल ओसाड झाल्यावरही पुढे दीर्घकाळ नगरची माणसे त्या नळांचे पाणी भरीत होती.

पुण्याची कथा दोनशे वर्षांनंतरची. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याला बांध घालून तळे करण्याचे मनात आणले. काम रेंगाळले. तेव्हा पेशवे हत्तीवरून खाली उतरले आणि स्वतः दगड उचलून नेऊ लागले. ते पाहताच बरोबरचे सरदार-मानकरीही शेले खोचून कामास लागले, अशी आख्यायिका आहे. तळे झाले. त्याच्या मध्ये बेट राखून तेथे बाग केली, तोच सारसबाग. तळ्याच्या काठी १७५५ च्या सुमारास हिराबाग झाली. १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात बेटावर गणपतीची स्थापना झाली आणि ‘तळ्यातला गणपती’ हे नाव रूढ झाले. आज तेथे तळे नाही. ज्या जागी नावा फिरत, तेथे हिरवळीवर मुले खेळतात.

याच नानासाहेबांनी कात्रजच्या घाटाखाली तलाव बांधून तेथील पाणी दगडी बंदिस्त नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणले. वाटेत नळातील हवा मोकळी व्हावी म्हणून जागोजाग उच्छ्वास ठेवले होते. वाड्यातील हजारी कारंजे कमळाच्या आकाराचे आहे. त्याला सोळा पाकळ्या असून त्यांच्या कडांमधून पाण्याच्या धारा उडत. बाल सवाई माधवरावांच्या करमणुकीसाठी ते केले होते, असे सांगतात. पाणी मात्र वाड्यापुरते राहिले नाही. वाटेवरील हौदांतून ते गावाला मिळत होते. काळा हौद, बदामी हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी पुढेही राहिली. कारंजे बंद पडून पुष्कळ काळ लोटला तरी हौदांवर घागरींची रांग चालूच होती.

या दोन्ही उदाहरणांशेजारी एक परदेशी उदाहरण ठेवण्याजोगे आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने व्हर्साय येथे जी बाग केली, तिची कीर्ती साऱ्या युरोपात पसरली. आंद्रे ल नोत्र हा तिचा कर्ता. तो माळ्याचा मुलगा व माळ्याचा नातू. दृष्टी पोहोचेल तेथपर्यंत सरळ रस्ते, कातरून नीट केलेली झाडे आणि शेकडो कारंजी अशी त्याची योजना होती. अडचण एकच होती : त्या जागी पाणी नव्हते. १६८४ मध्ये सीन नदीवर चौदा प्रचंड चाकांचे यंत्र बसवून पाणी टेकडीवर चढविले, तरी ते पुरेना. मग राजा बागेत फिरावयास निघाला की पाळतीवरची पोरे शिटी वाजवीत. राजा ज्या कारंज्याजवळ येई तेवढेच उडे, आणि त्याची पाठ वळताच बंद होई. अखेर दूरच्या यूर नदीचे पाणी आणण्यासाठी हजारो सैनिक कालवा खणण्यास लावले. दलदलीतील तापाने त्यांतील पुष्कळ मेले. १६८८ मध्ये युद्ध सुरू झाले व काम थांबले. अर्धवट राहिलेल्या जलवाहिनीच्या कमानी आजही तेथे उभ्या आहेत. त्या कालव्याचे थेंबभरही पाणी बागेला पोहोचले नाही.

एकोणिसाव्या शतकात बाग राजाच्या भिंतीबाहेर आली. मुंबईची राणीची बाग, जी आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणून ओळखली जाते, ती १८६२ च्या सुमारास लोकांसाठी खुली झाली. बडोद्यात १८७९ मध्ये विश्वामित्री नदीच्या काठी सयाजीबाग झाली. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातून दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसलेल्या सयाजीराव गायकवाडांचे नाव तिला आहे. या सयाजीरावांनी १८९३ मध्ये क्रुम्बीगल नावाच्या एका जर्मन उद्यानतज्ज्ञाला बडोद्यास बोलाविले. बडोद्याहून तो बंगळूरला गेला, तेथील लालबागेचा अधिकारी झाला आणि पुढे म्हैसूरजवळ कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याशी वृंदावन उद्यानाच्या उभारणीत त्याचा हात लागला. दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या पुढाकाराने ते १९३२ मध्ये पूर्ण झाले. ज्या विश्वेश्वरय्यांनी ते धरण योजिले, त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यास झाले होते, आणि आपोआप उघडणारे धरणाचे दरवाजे त्यांनी १९०३ मध्ये प्रथम मुठेवरील खडकवासल्यास बसविले होते. महाराष्ट्रातही पैठण येथे जायकवाडी धरणाखाली वृंदावनाच्या धर्तीवर ज्ञानेश्वर उद्यान करण्यात आले.

खडकवासल्याहून सुटलेले पाणी पुण्यातून मुळा-मुठेने भीमेस मिळते आणि दौंडवरून उजनीत येते. म्हणजे आंबील ओढ्याचे, पर्वतीच्या पायथ्याचे पाणी शेवटी कंदरच्या केळीला पोहोचते. या जलाशयात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. त्यातील सुमारे ६३ अब्ज घनफूट दरवाजांच्या पातळीखालचा मृत साठा असतो. हा साठा वापरू लागले की काठावरची माणसे म्हणतात, “धरण वजात गेले.”

या पाण्याची किंमत काठावरच्या गावांनी मोजलेली आहे. नदीच्या काठची काळी कसदार मळई, पिढीजात आमराया, वाडे, पार आणि देवळे पाण्याखाली गेली. गावे उचलून माळावर वसवावी लागली. इंदापूर तालुक्यातील जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे दगडी मंदिर बहुतेक वर्ष पाण्यात असते. करमाळा तालुक्यातील कुगावच्या इनामदार वाड्याचीही तीच गत. पाणी फार खाली गेले की ही दोन्ही वर येतात. मग नव्या गावातील वडीलधारी माणसे मुलानातवंडांना घेऊन चिखलातून तेथवर जातात. येथे चावडी होती, येथे अमक्याचा आंबा होता, असे भेगाळलेल्या गाळाकडे बोट करून दाखवितात. ज्यांची आमराई बुडाली, त्यांच्यापैकीच पुष्कळांची केळीची बाग आज वरच्या माळावर त्याच पाण्यावर उभी आहे. सगळ्यांच्या वाट्याला मात्र ती आली नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेले. पाणी काठापासून दूर दूर सरकले. शेतकरी मोटारी उचलून त्याच्या मागे चालले. रोज थोडी पाइप जोडावयाची, केबल वाढवावयाची, आणि मोटारीशी पाणी यावे म्हणून गाळात चारी खणावयाची. एका शेतकऱ्याची चारी दुसऱ्याला उपयोगी पडे, म्हणून चार-चार जण मिळून खणीत. रात्री वीज येई तेव्हा कोणीतरी मोटारीपाशी बसून राही. वर बागेत केळीची पाने कडेने पिवळी पडू लागली होती.

मृगानंतर घाटमाथ्यावर पाऊस लागला. काही दिवसांनी दौंडच्या बाजूने तांबडे, फेसाळ पाणी आले. प्रथम चाऱ्या भरल्या, मग गाळाच्या भेगा मिटल्या, मग पळसनाथाच्या मंदिराच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा झाल्या. कंदरच्या काठावरून माणसे पाइपा सोडवीत, मोटारी खांद्यावर घेऊन पुन्हा वर येऊ लागली.