‘रन’ म्हणजे फक्त धावणे नव्हे



‘रन’ या शब्दाचा अर्थ विचारला की सारा वर्ग एका सुरात ‘धावणे’ असे सांगतो. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. पुढे ‘रन’ने त्याला मागे टाकल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. या एका क्रियापदाचे तब्बल ६४५ अर्थ संपादकांनी वेगवेगळे नोंदवले!

एवढे अर्थ पाठ करायचे का? मुळीच नाही. न थांबता पुढे जात राहणे, ही मूळ कल्पना लक्षात ठेवली तरी बरेचसे अर्थ उलगडतात. ‘द टॅप इज रनिंग’ म्हणजे नळ वाहतो आहे. सर्दी झाली की नाकही ‘रन’ होते. ‘शी रन्स अ शॉप’ म्हणजे ती दुकान चालवते. गंमत पाहा, इंग्रजी जिथे धावते तिथे आपली मराठी चालते!

मागे जोडलेल्या छोट्या शब्दांकडे मात्र नीट लक्ष द्यावे. ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’ म्हणजे आमच्याकडची साखर संपली. ‘आय रॅन इंटू माय अंकल’ म्हणजे काका अचानक भेटले. पण ‘इंटू’च्या जागी ‘ओव्हर’ लिहिलेत, तर काकांच्या अंगावर गाडी घातलीत असे होईल!

पालकांनाही चार शब्द सांगावेसे वाटतात. इंग्रजी सुधारावे म्हणून घरातली मराठी कमी करावी का, असे पुष्कळ पालक आम्हाला विचारतात. आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. आपले ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, निकाल लागतो, नोकरी लागते आणि कैरी आंबटही लागते. हे अर्थ मुलांना कोणी पाठ करायला लावले नव्हते. ऐकलेल्या वाक्यांतून ते आपोआप कळले. ज्या मुलाला आपल्या भाषेतली ही खुबी उमगते, त्याला ‘रन’चे कोडे अवघड वाटत नाही. ‘एक शब्द, एक अर्थ’ अशा याद्या घोकणारे मूल मात्र परीक्षेतल्या अनोळखी उताऱ्यापाशी अडते. म्हणून घरी शब्दार्थ विचारताना सुटा शब्द न विचारता पूर्ण वाक्य विचारावे.

आता थोडा गृहपाठ. ‘धावणे’ हे क्रियापद न वापरता पुढील वाक्ये मराठीत लिहा आणि वर्गात दाखवा :

१. द फिल्म रॅन फॉर टू इयर्स.
२. ही इज रनिंग अ टेम्परेचर.
३. द रोड रन्स अलाँग द रिव्हर.
४. द कलर ऑफ धिस शर्ट रन्स.