पाल्याचा अर्क, चांदीचे कण

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्यातून सोन्याचांदीचे नॅनोकण केले, ते काम २००४ साली प्रसिद्ध झालं. आता एमएस्सीची मुलं हाच प्रयोग प्रकल्पासाठी हमखास मागतात. त्यांच्याकडून तो करून घेताना पटलेल्या या गोष्टी.

१. पाणी डिस्टिल्डच हवं. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं. ज्यापासून चांदीचे कण करायचे ते सिल्व्हर नायट्रेट त्यात पडलं की सिल्व्हर क्लोराइड तयार होऊन पाणी पांढुरकं, गढूळ होतं. धुतलेला पालाही शेवटी डिस्टिल्ड पाण्यातूनच काढावा.

२. पाला एकाच झाडाचा घ्यावा. चैत्रातली कोवळी पालवी आणि पावसाळ्यातली जून पानं यांचा अर्क सारखा नसतो. झाड, महिना, पानांचं वजन वहीत हवंच. अर्क ताजा वापरावा. फ्रीजमध्येही त्याला बुरशी येते.

३. रंगावर भुलू नये. मिश्रण तपकिरी झालं की मुलं खूश होतात, पण अर्क मुळातच तपकिरी असतो. म्हणून शेजारी दोन बीकर ठेवावेत : एकात नुसता अर्क, दुसऱ्यात नुसतं सिल्व्हर नायट्रेट. मग यूव्ही-व्हिजिबल यंत्रावर ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान शोषणाचं शिखर दिसतं का, ते पाहावं. कणांचा आकार मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा.

४. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पीएच वाढवला की कण सहसा लवकर आणि लहान होतात. तापमानानेही वेग वाढतो. दोन्ही एकदम बदलले तर श्रेय कोणाचं, ते सांगता येत नाही.

५. जंतूंवरच्या चाचणीआधी कण धुवावेत. द्रावणात उरलेले चांदीचे आयनही जंतू मारतात आणि श्रेय कणांना मिळतं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, वरचं पाणी टाकून, पुन्हा धुवावं. तुलनेसाठी नुसत्या अर्काचीही चाचणी लावावी.

६. हिरवेपणाचा हिशेब पूर्ण मांडावा. पाल्यामुळे सोडियम बोरोहायड्राइडसारखं क्षपणक टळतं, सिल्व्हर नायट्रेट टळत नाही. चांदी पाण्यातल्या जीवांना घातक, म्हणून उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू देत नाही. मीठ घालून साका बसवायचा, गाळायचा आणि कचऱ्याच्या बरणीत साठवायचा. प्रकल्पाच्या अहवालात ‘पर्यावरणस्नेही’ लिहायचं असेल, तर त्या बरणीचं वजनही तक्त्यात यायला हवं.