पायांची तक्रार

अमरावती,
वैशाख शुद्ध पंचमी

चि. बाळ यास काकांचे अनेक आशीर्वाद.

तुझे अकोल्याचे पत्र पोचले. रात्री दिवा मालवला की तळपायांची आग आग होते, चादरीचा स्पर्शही बोटांना साहवत नाही, आणि पायांवर ना सूज ना व्रण म्हणून घरच्या मंडळींना तुझे दुःख खरे वाटत नाही, हे वाचून जीव कळवळला.

ही वेदना काल्पनिक नाही, हे निःशंक मनाने जाण. कमरेपासून पायांच्या बोटांपर्यंत जाणारे मज्जातंतू शरीरात सर्वांत लांब. त्यामुळे रक्तातील साखरेने, मद्याने अथवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने त्यांची हानी होऊ लागली, की तिची पहिली वर्दी बहुधा बोटांतूनच येते. मधुमेहासाठी तू वर्षानुवर्षे घेत असलेल्या मेटफॉर्मिनने हे जीवनसत्त्व घटू शकते, शिवाय आपले घर शाकाहारी. तेव्हा ती तपासणी अवश्य करून घे. या वेदनेवरील औषधे साध्या अंगदुखीच्या गोळ्यांहून निराळी. ती अल्प मात्रेने सुरू होतात आणि गुण यावयास काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत उतार नाही या सबबीवर ती परस्पर बंद करू नकोस. दुःख समूळ जाईलच असे नाही. पण रात्रीची झोप आणि दिवसाचे चालणे परत मिळाले, तरी इलाज फळास आला असे समज.

आता मुख्य गोष्ट. आपल्या अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले. त्याच वर्षी वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी पुढे दाखवून दिले, की या रुग्णांची बोटे आपोआप झडत नाहीत. मज्जातंतू बधिर झाल्याने काटा, निखारा, चपलेचा खिळा यांची जाणीवच होत नाही आणि न कळलेल्या जखमा बोटे खाऊन टाकतात. मधुमेही पायाचीही गत तीच होऊ शकते. तुझ्या कचेरीत अर्ज येईनासे झाले म्हणजे रयत सुखी झाली असे तू मानीत नाहीस. तद्वत आग शमली म्हणजे पाय बरा झाला असे मानू नकोस.

म्हणून रोज रात्री उजेडात बसून दोन्ही तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या आरशाने पाहा. नजर पोचत नसेल तर सूनबाईंस पाहावयास सांग, त्यात संकोच कसला? पादत्राण घालण्यापूर्वी आत हात फिरव. मिठाच्या कढत पाण्यात पाय बुडविण्याचा शेजाऱ्यांचा सल्ला मानू नकोस. घट्टा पात्याने कापू नकोस. शेतावर पऱ्हाटीच्या धसकटांतून अनवाणी जाऊ नकोस. अंबादेवीच्या दर्शनास येशील तेव्हा फरशी तापण्याआधी, पहाटेच ये. लहानशी जखमही दिसली, तर ती दुखत नाही म्हणून हयगय न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव.

पाय अद्याप दुखतात, म्हणजे जाणीव पुरती गेलेली नाही. साखर ताब्यात ठेवून जे शिल्लक आहे ते राखणे तुझ्या हाती आहे. ब-१२ चा निकाल येताच कळव.

चि. सौ. सूनबाईंस व मुलांस आशीर्वाद.

तुझा,
काका