घटक ५ : परमुलखातील अध्यापक आणि दैनंदिन जीवन

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास –
• सांस्कृतिक अनुकूलन ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• परदेशात शिकविणाऱ्या व्यक्तीची दुहेरी भूमिका सांगता येईल.
• पंडिता रमाबाईंच्या इंग्लंडमधील वास्तव्याच्या आधारे अनुकूलनाच्या मर्यादांची चर्चा करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पावसाळ्यात भुशीच्या धरणावर येणारा पर्यटक भिजतो, भजी खातो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. परक्या ठिकाणची गैरसोय त्याला एका दिवसापुरतीच सोसावी लागते. अध्यापनासाठी परदेशी गेलेल्या व्यक्तीचे तसे नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला तेथेच उठावे लागते, तेथल्याच ताटात जेवावे लागते आणि तेथल्याच भाषेत बोलावे लागते. यातून निर्माण होणाऱ्या अस्वस्थतेला ‘संस्कृतिआघात’ म्हणतात. मानवशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांच्या १९६० मधील लेखामुळे ही संज्ञा रूढ झाली. हा अनुभव मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे.

भुशीजवळचा बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला आणि पुण्याहून मुंबई बंदर गाठणे सुकर झाले. त्यानंतर वीस वर्षांनी, १८८३ मध्ये, पुण्यात कार्य करणाऱ्या पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी प्रवासखर्च उभा केला होता. सोबत दोन वर्षांची कन्या मनोरमा आणि सहकारी आनंदीबाई भगत होत्या.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ अध्यापकाची दुहेरी भूमिका

वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात रमाबाई राहिल्या. हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवावे आणि स्वतः इंग्रजी शिकावे, अशी व्यवस्था होती. म्हणजे एकाच घरात त्या एका तासाला गुरू आणि दुसऱ्या तासाला शिष्या होत. वैद्यकीय शिक्षण घेण्याचा त्यांचा हेतू श्रवणदोषामुळे सिद्धीस गेला नाही. ज्यांना ऐकूच कमी येते त्यांना परभाषेतील उच्चार, जेवणाच्या टेबलावरील संभाषण आणि वर्गातील प्रश्न किती कष्टाचे झाले असतील, याचा आपण भाषेचे विद्यार्थी म्हणून विचार करावा. १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात गेल्या. तेथे त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः अन्य विषयांचा अभ्यास करीत. डोरोथिया बील या तेथील प्राचार्या होत्या.

५.३.२ ताट, वेश आणि संबोधन

सप्टेंबर १८८३ मध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तरीही त्यांनी शाकाहार सोडला नाही आणि साडीही सोडली नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना हा आहारनियम अहंकाराचा अवशेष वाटे. पूर्वजांच्या चालीरीती शक्य तितक्या पाळण्यात आपणास काही गैर वाटत नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. क्रूसावरील अक्षरे लॅटिनमध्ये का असावीत, आपणास व आपल्या देशभगिनींना जवळची असलेली संस्कृत का नको, असाही प्रश्न त्यांनी केला.

या वादात एक भाषिक तपशील लक्षणीय आहे. ज्यांच्याशी हा वाद चालला त्या जेराल्डीन यांना रमाबाई इंग्रजी पत्रांतही ‘आजीबाई’ असे संबोधीत. मतभेद इंग्रजीत मांडले गेले. आपुलकी मात्र मराठीतच राहिली.

५.३.३ शिकविण्याचा अधिकार

रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे, अशी सूचना पुढे आली. त्यावर हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. त्यामुळे त्यांच्या मायदेशातील कार्यास बाधा येईल, असा युक्तिवाद होता. रमाबाईंनी आश्चर्य व्यक्त केले. आपल्या आईने वा आपण तरुणांना शिकविण्यास वडिलांनी किंवा पतीने कधी हरकत घेतली नाही आणि इंग्लंडमधील लोक मात्र ती घेतात, असे त्यांनी लिहिले. ‘प्रगत’ यजमान आणि ‘मागास’ पाहुणा ही ठरीव कल्पना येथे उलटी होते. पाहुण्याला जाचणारे सगळेच नियम यजमान-संस्कृतीच्या प्रगतीचे नसतात; काही तिच्या संकोचाचेही असतात.

५.३.४ अनुकूलनाचे मोल

प्रत्येकास ही जुळवणूक साधतेच असे नाही. आनंदीबाई भगत यांनी वाँटेज येथे, इंग्लंडला पोहोचल्यावर काही महिन्यांतच, आपले जीवन संपविले. या घटनेमुळे ‘अनुकूलन’ हा शब्द परीक्षेपुरता हलका समजू नये. परमुलखातील एकटेपण जिवावर बेतू शकते.

रमाबाई फेब्रुवारी १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. तेथील अनुभवांवरील त्यांचा मराठी ग्रंथ १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रकाशित केला.

५.४ सारांश

परदेशातील अध्यापकास वर्गात अधिकार असतो, परंतु स्वयंपाकघरात, रस्त्यावर आणि भोजनाच्या टेबलावर तो नवशिका असतो. त्याने काय स्वीकारावे आणि काय राखावे, हे दुसऱ्या कोणी ठरवून चालत नाही. रमाबाईंनी नवी भाषा आणि नवा धर्म स्वीकारला. ताट, वेश आणि प्रश्न विचारण्याचा हक्क राखला. आपल्या निवडीची कारणे त्यांनी यजमानांच्याच भाषेत मांडली. अनुकूलन आणि आत्मविलोपन यांतील सीमारेषा येथे दिसते.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. वाँटेज येथे रमाबाईंची भूमिका दुहेरी कशी होती?
२. ‘आजीबाई’ या संबोधनाचे भाषिक महत्त्व पाच ओळींत लिहा.
३. अनुकूलन व आत्मविलोपन यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.

५.६ उपक्रम

भुशी-लोणावळा परिसरात नौदलाची ‘शिवाजी’ ही प्रशिक्षणसंस्था आणि १९२४ मध्ये स्थापन झालेले कैवल्यधाम आहे. अशा संस्थांमुळे गावात दूरदूरची माणसे राहावयास येतात. आपल्या गावी बाहेरून शिकविण्यास आलेल्या एखाद्या व्यक्तीशी बोला. पहिल्या महिन्यात त्यांना कोणती गोष्ट सर्वांत अवघड गेली, आणि कोणती सवय त्यांनी अजून सोडलेली नाही, हे विचारा. उत्तर त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा. आपण यजमान म्हणून कसे वागलो, याचीही नोंद शेवटी अवश्य करा.