सरकीतील गॉसीपॉल : ढेप चारताना घ्यावयाची काळजी

खामगाव आणि कापूस यांचे नाते जुने आहे. येथील कापूस बाजारासाठी जलंबहून रेल्वेचा फाटा टाकण्यात आला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. रुई दूरदेशी जाते, सरकी व ढेप मात्र बऱ्याच अंशी आपल्याच गोठ्यात येते. दुभत्या जनावरांसाठी हा खुराक उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. परंतु जी सरकी म्हशीला मानवते, तीच लहान वासराच्या जिवावर बेतू शकते. याचे कारण सरकीतील गॉसीपॉल हा फिनॉलवर्गीय पदार्थ होय.

सरकीचा एक दाणा ब्लेडने आडवा कापून पाहा. पिवळसर गरात बारीक काळपट ठिपके दिसतील. या ठिपक्यांत, म्हणजेच रंगग्रंथींत, गॉसीपॉल साठविलेले असते. पऱ्हाटीच्या पानांवर व बोंडांवरही असे ठिपके असतात. कपाशीचे शास्त्रीय नाव गॉसीपियम. त्यातील फिनॉल म्हणून १८९९ साली पोलंडचे रसायनशास्त्रज्ञ मार्खलेव्स्की यांनी गॉसीपॉल हे नाव दिले. फिनॉल म्हटले की आपल्याला गोठा धुण्याचे फिनाईल आठवते. पण हळदीचा पिवळा रंग आणि बाभळीच्या सालीतील टॅनिन हेही याच कुळातले.

कपाशीला हा पदार्थ स्वसंरक्षणासाठी लागतो. अमेरिकेत १९५० च्या दशकात ग्रंथीविरहित कपाशी शोधण्यात आली. सरकी निर्धोक झाली खरी, पण एरवी कपाशीकडे न फिरकणाऱ्या किडीही त्या झाडांवर तुटून पडल्या आणि ते वाण मागे पडले. पुढे टेक्सास येथे डॉ. कीर्ती राठोड यांनी केवळ बियांतील गॉसीपॉल घटविणारी कपाशी विकसित केली. तिला अमेरिकेत २०१८ साली लागवडीची मान्यता मिळाली. आपल्या गोठ्यातील सरकी मात्र ग्रंथीयुक्तच आहे, हे लक्षात ठेवावे.

गॉसीपॉल दोन रूपांत आढळते : मुक्त व बद्ध. अपाय होतो तो मुख्यतः मुक्त गॉसीपॉलमुळे. तेल काढताना उष्णता, ओलावा व दाब यांमुळे बरेचसे गॉसीपॉल प्रथिनांशी बांधले जाते. म्हणून कच्च्या सरकीपेक्षा ढेपेत मुक्त गॉसीपॉल कमी असते. मात्र वाण व गाळपाची पद्धत यांनुसार प्रत्येक मालात ते कमीजास्त होते. कित्येक घरी सरकी उकडून घालतात. ही रीत चांगली आहे, कारण शिजविल्याने मुक्त गॉसीपॉल कमी होते. नुसती भिजविल्याने मात्र ते निघून जात नाही, कारण गॉसीपॉल पाण्यात विरघळत नाही.

मोठ्या जनावराच्या कोठीपोटात गॉसीपॉल प्रथिनांशी बांधले जाऊन निरुपद्रवी होते. लहान वासराचे कोठीपोट तयार झालेले नसते. मुक्त गॉसीपॉल आतड्यातून रक्तात जाते, काही आठवडे साचत राहते आणि हृदय व यकृत यांना इजा करते. वासरू खाणे कमी करते, अशक्त होते, धापा टाकते. कधी काहीच न दिसता अचानक दगावते. धाप पाहून छातीचा विकार समजला जातो आणि इकडे ढेप चालूच राहते! यावर खास उतारा नाही. खुराक ताबडतोब बंद करावा आणि काय, किती व किती दिवसांपासून चारले ते पशुवैद्यकास सांगावे. खुराक बंद केल्यावरही काही दिवस धोका राहतो.

म्हणून चार महिन्यांपर्यंतच्या वासरांना, तसेच लहान करडा-कोकरांना सरकी वा सरकी ढेप देऊ नये. त्याऐवजी सोयाबीन पेंडयुक्त खुराक द्यावा. वासरू आईच्या गव्हाणीत तोंड घालते, हे आपण सहज विसरतो. खुराकाच्या वेळी त्याला वेगळे बांधावे. मोठ्या गाईम्हशींना कच्ची सरकी दिवसाला दोन किलोच्या पुढे देऊ नये आणि सोबत ढेप असेल तर सरकी त्या मानाने कमी करावी. पैदाशीच्या वळूस ती शक्यतो टाळावी, कारण गॉसीपॉलने शुक्रजंतूंत दोष निर्माण होतात. बुरशी आलेली ढेप तर कोणालाच घालू नये. तिच्यातील विष निराळे आणि ते दुधातही उतरते.

अंड्यावरील कोंबड्यांना सरकी ढेप घातल्यास गॉसीपॉल बलकातील लोहाशी संयोग पावते व साठविलेल्या अंड्यांचा बलक हिरवट होतो. हिराकस मिसळून हा परिणाम कमी करता येतो, पण प्रमाण चुकले तर लोहाचाच अपाय होतो. तेव्हा तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

माणसांसाठी सरकी तेल कॉस्टिक सोड्याने शुद्ध केले जाते. त्यात गॉसीपॉल जवळजवळ सर्व निघून जाते. चीनच्या काही खेड्यांत कच्चे सरकी तेल खाल्ल्याने पुरुषांत वंध्यत्व आढळले. त्यावरून १९७० च्या दशकात तेथे गॉसीपॉलची पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून चाचणी झाली. परंतु काहींच्या रक्तातील पोटॅशियम घटले, काहींची प्रजननक्षमता परत आलीच नाही, आणि तो प्रयत्न सोडून देण्यात आला. गिरणीतून थेट आणलेले काळपट कच्चे तेल स्वयंपाकात वापरू नये.