समोरच्या सगळ्या मागे बसल्या तर

अगं, परवा फोनवर तुझा आवाज अगदी पडलेला होता. चेंडू सगळा वेळ आपल्याकडे, समोरच्या बॉक्सपुढे गर्दी करून उभ्या, आणि शेवटी गोलच नाही. आधी हे मनाला लावून घेऊ नकोस. २० जानेवारी २०२२ ला महिला फुटबॉलच्या आशिया चषकात नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या भारतीय मुलींचंही हेच झालं होतं. इराण ही स्पर्धा पहिल्यांदाच खेळत होता. त्यांनी मागे राहून दाटीवाटीने बचाव केला, त्यांची गोलकीपर जोहरे कौदाई भक्कम उभी राहिली आणि सामना ०-० सुटला. दुसऱ्याच दिवशी आपल्या बालेवाडीत जपानने म्यानमारला ५-० हरवलं. जपानच्या मुली चेंडू कसा फिरवतात, ते तुझ्या पोरींना एकदा बसवून दाखव.

तू बाहेरून ओरडतेस, "मार, मार!" ते आधी बंद कर. असा बचाव जोर लावून फुटत नाही गं, तो हलवावा लागतो. तुझ्या निम्म्या मुली नाणे मावळातून, पवन मावळातून कबड्डी खेळून आल्यात, त्यांना त्यांच्याच भाषेत सांग. चढाई करणारी एका कोपऱ्याकडे झेपावते, साखळी तिकडे ओढली जाते, आणि हात सैल पडतो तो दुसऱ्या बाजूला. इथेही तेच. डावीकडे चार-पाच छोटे पास खेळू दे, समोरच्या तिकडे सरकल्या की चेंडू उजवीकडे काढायचा. पण जमिनीवरून, जोरात आणि दोन पासांत. उंच उडवलेला चेंडू खाली येईपर्यंत त्या सगळ्या परत जागेवर आलेल्या असतात.

उजवीकडच्या विंगरने तोवर काय करायचं? टाच चुन्याच्या रेषेवर ठेवून थांबायचं. कंटाळा आला तरी आत यायचं नाही. चेंडू घेताना अंग मैदानाकडे उघडं, आणि पहिला टच गोलच्या दिशेने. तिथून लगेच वर क्रॉस उचलायची सवय मोड. उंच क्रॉस गर्दीतल्या उंच मुलींना सोपा जातो. तिला गोलरेषेपर्यंत जाऊ दे आणि चेंडू खालून मागे, पेनल्टी स्पॉटच्या आसपास द्यायला लाव. त्या क्षणी बचाव करणाऱ्यांची तोंडं स्वतःच्या गोलकडे असतात, मागून धावत येणारी त्यांना दिसतच नाही. मला विचारशील तर तुझ्या संघाचे गोल इथूनच येतील. फक्त स्ट्रायकरने आधी पुढे धाव घेऊन आपल्यामागे एक-दोघींना ओढून न्यायला हवं. तिला चेंडू मिळणार नाही, तरी त्या धावेचं कौतुक सगळ्यांसमोर कर. नाहीतर दुसऱ्यांदा ती धावणार नाही.

सरावात शंकू मांडून हे येणार नाही. अर्ध्या मैदानावर आठ जणी बचावाला, सात जणी हल्ल्याला उभ्या कर. गोलरेषेवरून मागे दिलेल्या पासवर गोल झाला तर दोन गुण. बचाववाल्यांनी चेंडू हिसकावून मधल्या रेषेवरच्या दोन छोट्या गोलांपैकी एकात मारला, तर त्यांनाही दोन. मग आपोआप दोघी-तिघी मागे राखण करायला शिकतील. मागे बसणारा संघ याच एका काउंटर अटॅकची वाट बघत असतो, आणि सगळ्या पुढे गेलेल्या असताना खाल्लेला गोल फार जिव्हारी लागतो.

आणि हे सगळं आत्ताच सुरू कर, जूनची वाट बघू नकोस. एकदा लोणावळ्याकडचा पाऊस लागला की मैदानात पाणी साचतं, जमिनीवरून दिलेला पास अर्ध्यात अडकतो, आणि पोरी पुन्हा चेंडू वर उडवायला लागतात. या रविवारी पहिला सराव घे, आणि संध्याकाळी मला फोन कर.